त्राटिका म्हणजे कोण?



आज एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. शब्द तुमच्या ओळखीचा आहे. घरात वापरला जातो, पाणवठ्यावर वापरला जातो, आणि शाळेतही वापरला जातो, हे मी अनुभवाने सांगतो. एखादी बाई आवाज चढवून बोलली, एखाद्या सुनेने उलट उत्तर केले, एखादी पोर फणकारली, की आपण म्हणतो, “त्राटिका आहे नुसती!” म्हणणाऱ्याला वाटते आपण सगळे सांगून टाकले. ऐकणारेही मान डोलावतात. पण ही त्राटिका कोण, कुठली, आणि ती एवढी चिडलेली का, हे विचारायचे कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही आले नव्हते. एका दहा वर्षांच्या मुलीने विचारले, तेव्हा मी चौकशीला लागलो.

2006 सालची गोष्ट. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत मी तेव्हा शिक्षक होतो. पालघर जिल्हा अजून व्हायचा होता. तो 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. तोवर जव्हार काय, मोखाडा काय, सगळे ठाणे जिल्ह्यात. शाळा दोन शिक्षकांची. भाताची आणि नागलीची कापणी उरकली, दिवाळी झाली, की पाडा ओस पडायचा. माणसे ‘जगायला’ जात. आमच्या भागात बाहेरगावी मजुरीला जाण्याला हाच शब्द आहे, आणि याहून नेमका शब्द मला अजून मिळालेला नाही. कोणी वीटभट्टीवर, कोणी रेतीवर, कोणी बांधकामावर. काही लेकरे आईबापांबरोबर जात, काही आजीजवळ राहत.

चौथीत अशीच एक आजीजवळ राहिलेली मुलगी होती. तिचे नाव सांगत नाही. धाकट्या भावाला कडेवर घेऊनच शाळेत यायची. हुशार होती, पण तोंडाची फार तिखट. कोणी भावाला हात लावला की वसकन अंगावर जायची. एकदा पाढा चुकल्यावर मी जरा जोरात बोललो, तर पाटी आपटून म्हणाली, “मला नाय येत!” आणि मी, वर्गापुढे, हसत हसत म्हणालो, “बघा रे, आली आपली त्राटिका!”

पोरांना तेवढेच हवे होते. दुसऱ्या दिवसापासून तिचे ते नावच पडले. आठ दिवसांनी ती शाळेत यायची थांबली. मी निरोप पाठवले. उत्तर आले नाही. तिला काय लागले असेल याचा विचार, खरे सांगायचे तर, तेव्हा मी केला नाही. आजी आजारी असेल, भाऊ आजारी असेल, असे मनाशी म्हणत राहिलो.

शिमगा आला. जगायला गेलेली माणसे सणाला परतली, आणि मागोमाग बोहाडा आला.

ज्यांनी बोहाडा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जव्हार, मोखाडा आणि वर नाशिककडच्या डोंगरी गावांत शेतीची कामे संपल्यावर, पाऊस यायच्या आत, रात्री रात्री जागून सोंगे नाचवतात. कोणी याला भोवाडा म्हणतात. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे रंगवलेले मुखवटे, संबळ आणि सनई, हातात मशाली. आरंभी गणपती येतो, सारजा येते. मग देव येतात, दैत्य येतात, रामायणातले येतात, भारतातले येतात, आणि शेवटी देवी आणि महिषासुर यांचे युद्ध होते. कोणते सोंग कोणत्या घराने घ्यायचे हे ठरलेले असते. बापाकडून लेकाकडे मान जातो. बायकांची सोंगेही पुरुषच घेतात.

शिक्षकांसाठी एक गोष्ट मधेच सांगून ठेवतो. ही ‘सारजा’ म्हणजे शारदा. श चा स झाला, द चा ज झाला, आणि पुस्तकातली विद्यादेवी आपल्या अंगणातली होऊन गेली. मुलांना ‘सारजा नव्हे, शारदा म्हण’ म्हणून दटावू नका. दोन्ही शिकवा. नावे गावात राहायला आली की गावासारखी बोलू लागतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर त्या रात्री एक सोंग आले. तांबडे तोंड, बाहेर आलेले दात, डोक्याला केसांचा झुबका. संबळाचा ठेका बदलला. सोंग लोकांच्या अंगावर धावून जाई, बायका पोरांना मागे ओढत. शेजारी कोणी तरी म्हणाले, “त्राटिका आली.” मी वळून पाहिले तर माझी विद्यार्थिनी समोरच बसलेली, तिची आई शेजारी. मुलगी भ्यायलेली नव्हती. टक लावून बघत होती. सोंग निघून गेले तशी ती उठून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “गुरुजी, ती एवढी चिडलेली कशाला?”

मला उत्तर येत नव्हते. राक्षसीण होती, एवढेच ठाऊक होते. तसे म्हणालोही. मुलीचे समाधान झाले नाही, आणि घरी गेल्यावर माझेही होईना. पुढच्या सुट्टीत जव्हारला गेलो, वाचनालयातून वाल्मीकि रामायणाचे बालकांड काढले, आणि वाचत बसलो. जे सापडले ते आता सांगतो.

रामायणात ती मुळात राक्षसीण नाहीच. सुकेतु नावाचा एक यक्ष होता. त्याला मूल नव्हते. त्याने मोठे तप केले. ब्रह्मदेव प्रसन्न झाला, पण त्याने सुकेतूला मुलगा दिला नाही. मुलगी दिली, आणि तिच्या अंगी हजार हत्तींचे बळ दिले. ही मुलगी म्हणजे ताटका. दिसायला सुंदर होती असे वाल्मीकी म्हणतात. मोठी झाल्यावर तिचे लग्न सुंद नावाच्याशी झाले आणि त्यांना मारीच हा मुलगा झाला.

पुढे सुंद मारला गेला. अगस्त्य ऋषींच्या शापाने, असे कथा सांगतात. नवरा गेला तेव्हा ताटका आपल्या मुलाला घेऊन अगस्त्यांवर धावून गेली. अगस्त्यांनी दोघांनाही शाप दिला. मुलाला म्हणाले, राक्षस हो. आईला म्हणाले, तुझे हे रूप जाईल, तोंड विद्रूप होईल, तू माणसे खाशील. तसेच झाले. मलद आणि करूष नावाचे दोन समृद्ध प्रदेश होते, ते तिने उजाड केले. माणूस त्या वाटेने जाईनासा झाला.

मग विश्वामित्र रामलक्ष्मणांना घेऊन त्या वाटेने आले. रामाचे वय लहान. विश्वामित्र म्हणाले, हिला मार. आणि राम कचरला. स्त्री आहे, हिला ठार मारायला माझे मन घेत नाही, नाककान कापून हिला परतवतो, असे तो लक्ष्मणाला म्हणतो. विश्वामित्रांना आधीच अंदाज असावा. त्यांनी दाखलेही देऊन ठेवले होते. विरोचनाच्या मुलीला, मंथरेला, इंद्राने मारले होते. भृगूच्या बायकोला विष्णूने मारले होते. लोकांच्या रक्षणासाठी राजाला असे करावे लागते, हे त्यांचे म्हणणे. युद्धात रामाने तिचे हात तोडले, लक्ष्मणाने नाककान कापले, तरी राम अखेरचा बाण सोडीना. संध्याकाळ होत आली. संध्याकाळी राक्षसांचे बळ वाढते, आता उशीर नको, असे विश्वामित्रांनी बजावले. तेव्हा कुठे रामाने तिच्या छातीत बाण मारला आणि ती पडली.

मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो. मुलीच्या प्रश्नाला उत्तर होते, आणि ते पहिल्यापासून पोथीतच लिहिलेले होते. ताटकेने पुढे जे केले ते भयंकर केले, त्यात शंका नाही; देश उजाड करणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण ती जन्मतः चिडकी नव्हती. आपण मात्र तिच्या सगळ्या आयुष्यातले शेवटचे तेवढे तांबडे तोंड उचलले आणि त्याला शब्द करून टाकले.

आता शब्दाकडे येऊ. वाल्मीकींच्या पोथीत ‘ताटका’. कालिदासाच्या रघुवंशात ‘ताडका’. हिंदीत आजही ‘ताडका’च म्हणतात. ट चा ड होणे ही आपल्या भाषांची जुनी खोड आहे. घोटक चा घोडा झाला, वट चा वड झाला, घट चा घडा झाला, कटु चे कडू झाले. मुलांना ही चार उदाहरणे फळ्यावर लिहून द्या आणि पाचवे त्यांनाच शोधायला सांगा. त्यांना फार मजा वाटते. मग प्रश्न असा, की मराठीत ट तसाच का राहिला? माझे उत्तर असे की हा शब्द शेतातून, बाजारातून घासत घासत आपल्याकडे आलेला नाही. तो पोथीतून आला, कीर्तनातून आला, पुराणिकाच्या तोंडून आला. पोथीतला शब्द झिजत नाही. मात्र तो सजतो. ‘ताटका’ची आधी ‘ताटिका’ झाली, कारण बालिका, नायिका, मृत्तिका अशी इका-वाली नावे कानाला सवयीची. आणि मग त ला र येऊन बसला.

हा र कुठून आला? ‘शाप’ या शब्दाचे काय झाले ते आठवा. संस्कृतात शाप आहे, र नाही. पण आपण ‘श्राप’ म्हणतो. आजी म्हणते, कीर्तनकार म्हणतो, जुन्या पोथ्यांतही आहे. र लावला की शब्द भारदस्त वाटतो, भीतीचाही वाटतो. त्राटिकेचा र त्याच जातीचा आहे असे मला वाटते. शिवाय शेजारी बसलेले शब्द बघा: त्रास, त्राही त्राही, त्रागा. बोलणाऱ्याच्या कानात ही सगळी मंडळी एका बाकावर बसतात. ज्या बाईपुढे लोक त्राही त्राही करतात ती त्राटिका, हे कानाला पटून गेले. ‘त्राटक’ म्हणून हठयोगात एक क्रिया आहे, एका जागी नजर लावून बसण्याची. तिचा आणि हिचा काही संबंध नाही. डोळे वटारण्यावरून कोणी तो जोडतात, तो जोडू नका.

त्रागा हा शब्द आला म्हणून त्याचेही सांगतो, कारण तो आपल्या शेजारच्या मुलखातून आला आहे. आज आपण म्हणतो, “उगाच त्रागा करू नकोस.” म्हणजे हातपाय आपटू नकोस. पण गुजरात-काठेवाडात पूर्वी भाट आणि चारण लोक दिलेल्या वचनाला जामीन राहत. वचन मोडले जातेय असे दिसले की मोडणाऱ्याच्या दारात जाऊन स्वतःच्या अंगावर शस्त्राने जखमा करून घेत. प्रसंगी जीवही देत. ते रक्त समोरच्याच्या माथी, अशी समजूत. याला त्रागा म्हणत. ज्याच्या हाती दुसरा उपाय नाही त्याने न्याय मागण्याची ती रीत होती. आज तोच शब्द आपण रुसलेल्या पोराला आणि रडणाऱ्या बायकोला लावतो.

आता जरा मोजणी करू. मराठीत रागीट माणसाला नावे किती आणि कोणाला कोणती? मी हा खेळ पुष्कळ वर्गांत खेळलो आहे. फळ्यावर दोन रकाने काढायचे, एक बाप्यांचा, एक बायांचा. बाप्यांच्या रकान्यात मुले सांगतात: तापट, भडक डोक्याचा, जमदग्नी, दुर्वास. कधी खवीस. बायांच्या रकान्यात सांगतात: त्राटिका, कजाग, कैदाशीण, जहांबाज. तिरसट, तुसडा, खाष्ट हे दोन्हीकडे चालतात, पण खाष्ट म्हटले की पुढे ‘सासू’ हा शब्द आपोआप येतो.

रकाने नीट बघा. पुरुष चिडला की त्याला ऋषीचे नाव मिळते! जमदग्नी हे परशुरामाचे वडील. नावाचाच अर्थ धगधगता अग्नी. त्यांनी रागाच्या भरात मुलाला आईचे मस्तक उडवायला सांगितले होते. दुर्वासांनी तर शकुंतलेला शाप दिला, का, तर दारात आल्यावर तिचे लक्ष नव्हते. गंमत अशी की दुर्वास या नावाचा रागाशी संबंधच नाही. दुर् म्हणजे वाईट आणि वासस् म्हणजे वस्त्र, ज्याचे कपडे धड नाहीत तो. एवढे होऊन दोघेही पूज्य. घरातला म्हातारा जमदग्नी असला तर आपण जरा कौतुकानेच सांगतो: “आमचे आबा म्हणजे जमदग्नी हो!” आणि आजी चिडली तर? ती त्राटिका. राग दोघांचा तोच. दुर्वासांना एका पाहुणचाराचा राग आला, ताटकेचा नवरा गेला होता. पण पहिल्याला ऋषीचे आसन, दुसरीला मुखवटा.

कजाग शब्दाची वाट तर फारच लांबची आहे. मध्य आशियातल्या गवताळ मैदानांत तुर्की बोलणारे लोक घोड्यावर मोकाट फिरणाऱ्या, कोणाचा हुकूम न मानणाऱ्या माणसाला ‘कझाक’ म्हणत. कझाकस्तान देशाच्या नावात तोच शब्द आहे, रशियातल्या कोसॅक घोडेस्वारांच्या नावातही तोच. फारसीतून तो हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचा अर्थ लुटारू स्वार असा झाला होता. मोगलांच्या बखरकारांनी मराठ्यांच्या अचानक येऊन जाणाऱ्या घोडदळाच्या लढाईला ‘कज्जाकी’ म्हटले आहे. जव्हारकरांना हे परके वाटायला नको. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत मारली, त्या स्वारीच्या वाटेवर ते जव्हारला थांबले, राजे विक्रमशहा मुकणे त्यांना भेटले, आणि महाराजांनी त्यांच्या मस्तकी शिरपेच खोवला, म्हणून त्या जागेचे नाव शिरपामाळ, असे जव्हारमध्ये सांगतात. शिरपेच हाही फारसीच शब्द, सर म्हणजे डोके. तर असा हा कझाक. मैदानात होता तोवर मर्द होता. मराठी घरात शिरला, कजाग झाला, आणि सुनेच्या नाहीतर सासूच्या गळ्यात पडला. कोणाचा हुकूम न मानणारा पुरुष स्वार ठरतो आणि तशीच बाई कजाग ठरते. एका शब्दाच्या पोटात हे दोन्ही आहे.

इंग्रजीतही असेच आहे, आपण एकटे नाही. भांडखोर बाईला तिकडे ‘श्रू’ म्हणतात. श्रू म्हणजे आपल्या चिचुंद्रीच्या जातीचा प्राणी. शेक्सपिअरचे एक नाटक त्या नावाचे आहे, ‘टेमिंग ऑफ द श्रू’. वासुदेव बाळकृष्ण केळकर, केसरी आणि मराठा पत्रांच्या कामातले टिळकांचे सहकारी, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते मराठीत आणले. मराठी नाव काय ठेवले? ‘त्राटिका’. शाहूनगरवासी नाटक मंडळी ते करी. गणपतराव जोशी प्रतापराव होत आणि बळवंतराव जोग त्राटिका होत. म्हणजे इथेही बोहाड्यासारखेच, बाईचा राग पुरुषाच्या तोंडावर. नाटकात नवरा बायकोला उपाशी ठेवून, झोपू न देऊन वठणीवर आणतो. नाटक फार गाजले. शब्दही गावोगाव पक्का झाला, त्यात या नाटकाचा हात असावा असे मला वाटते. केळकरांना मी दोष देत नाही. चिचुंद्रीला मराठी नाव शोधताना दुसरे कोणते सापडणार होते?

‘राग’ या शब्दाचेही दोन शब्द सांगतो आणि मग गोष्ट पुरी करतो. संस्कृतात राग म्हणजे रंग, त्यातही तांबडेपणा. मग ओढ, प्रेम. अनुराग या शब्दात प्रेम अजून शिल्लक आहे. गाण्याचा राग मनाला रंगवतो म्हणून राग. मराठीने मात्र या शब्दातला चेहऱ्यावर चढणारा तांबडा रंग तेवढा धरला आणि त्याला संताप केले. हिंदी माणसाला ‘मला तुझा राग आला’ हे वाक्य सांगा, तो गोंधळून जाईल. बोहाड्यातल्या त्या मुखवट्याला तांबडा रंग देणाऱ्या कारागिराने हा कोश वाचलेला नसतो, पण त्याला ते ठाऊक असते.

आता ती मुलगी. जव्हारहून परत आल्यावर मी तिच्या घरी गेलो. आई अंगणात होती, शिमगा संपल्यामुळे पुन्हा भट्टीवर निघायच्या तयारीत, पाऊस लागेपर्यंतचे काम बाकी होते. आजी म्हणाली, “गुरुजी, पोर रडत आली त्या दिशी. म्हनं मी राकसीन हाये का?” मी आजीला म्हणालो, “चूक माझी झाली.” आजी काही बोलली नाही. तिने पाणी आणून दिले. मग मी ओसरीवर बसून मुलीला ताटकेची गोष्ट सांगितली, जशी आता तुम्हाला सांगितली तशी. हजार हत्तींच्या बळाचे सांगितले तेव्हा तिला फार आवडले. नवरा मेल्याचे सांगितले तेव्हा आजी आणि आई दोघी कामे सोडून ऐकू लागल्या. मी मनात म्हणत होतो, की आता ही विचारील, गुरुजी, मग तुम्ही मला त्राटिका का म्हणालात? ते तिने विचारले नाही. भावाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारले, “आन तिचा पोरगा? त्याचं काय झालं?”

मी सांगितले. मारीचाला रामाने बाण मारला, पण तो मेला नाही. शंभर योजने लांब समुद्रात जाऊन पडला. पुढे रावणाने त्याला सोन्याचे हरिण व्हायला लावले आणि सीतेपुढे पाठवले. तिथे रामाच्याच बाणाने तो मेला.

“कुठं?”

“पंचवटीला. नाशिकला.”

ती थोडा वेळ वर घाटाकडे बघत राहिली. आमच्या पाड्यावरून तो डोंगर दिसतो. मोखाड्याहून खोडाळा, वर त्र्यंबक, आणि पुढे नाशिक.

“म्हंजी हितंच की,” ती म्हणाली. “आईच्या मागून लई लांबवर आला.”

सोमवारी ती शाळेत आली, भावाला कडेवर घेऊन. पोरांनी जुन्या नावाने हाक मारली तेव्हा तिने मागे वळून त्यांना विचारले, “हजार हत्ती उचलता येतात का तुम्हाला?” आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.